पैशांवर चालणारे पूल हॉल : कोणी पाहिलेत का?

हिरवं_कापड

परवा गॅरेज आवरताना पूल खेळायची जुनी स्टिक सापडली. बायकोने विचारलं, "ही काठी ठेवायची की भंगारात?" उत्तर न देता ती गाडीच्या डिकीत लपवली आणि संध्याकाळभर जुनं आठवत बसलो. म्हणून हा धागा.

१९८४ ला मी ह्यूस्टनला एम.एस. करायला गेलो. रूममेट गुंटूरचा. त्याला पूलचं, म्हणजे बिलियर्ड्ससारख्या टेबलावर स्टिकने बॉल पॉकेटात घालायच्या खेळाचं, भयंकर वेड. युनिव्हर्सिटीतल्या टेबलांवर त्याचं भागेना, म्हणून तो गावातल्या हॉलमध्ये जायला लागला आणि अधूनमधून मलाही ओढून न्यायचा. तिथे माझ्या लक्षात आलं की खेळ सुरू व्हायच्या आधी एक वेगळाच खेळ चालतो. नाईन-बॉलमध्ये एक ते नऊ आकड्यांचे बॉल असतात. टेबलावर जो सगळ्यात लहान आकडा असेल त्याला पांढरा बॉल आधी लावायचा, आणि नऊ ज्याने घातला तो जिंकला. आता दोघांपैकी एक जण उघड उघड सरस असेल तर दुसरा पैसे कशाला लावेल? म्हणून सरस माणूस त्याला काहीतरी 'देतो'. "तुला आठ दिला" म्हणजे त्याने आठ घातला तरी डाव त्याचा. कधी सातही द्यायचा, कधी प्रत्येक ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला फटका, त्याला द्यायचा. ही घासाघीस तासतासभर चालायची, मंडईत मेथीच्या जुडीवरून चालते तशी. "मागच्या महिन्यात तू अमक्याला धुतलंस." "तो प्यायलेला होता." "माझा खांदा धरलाय." "मग घरी जाऊन शेक." आजूबाजूचे दहा जण त्यात तोंड घालणार, कारण त्यांचेही पैसे लागायचे असत.

माझं तेव्हापासूनचं मत : पैशांचा डाव टेबलावर ठरत नाही. तो ब्रेकच्या आधी, भिंतीला टेकून उभं असताना ठरतो. पटत नसेल तर बोला.

आता माझं दुःख. १९८५ मध्ये तिथल्या रेड्स नावाच्या हॉलमध्ये नाईन-बॉलची मोठी स्पर्धा भरली. रूममेट तिथेच पडीक. रात्री दोनला येऊन मला हलवून उठवलं. "कोणी सेझर मोरालेस आलाय, कुणाला माहीत नाही कुठला, सगळ्यांना झोपवतोय. उद्या चल." मला गाईडला थीसिसचं दुसरं प्रकरण द्यायचं होतं. नाही गेलो. त्याच आठवड्यात त्याने माझ्याकडून गाडीच्या कार्ब्युरेटरसाठी ६० डॉलर उसने घेतले, तेवढंच लक्षात राहिलं.

मोरालेस ती स्पर्धा जिंकला. पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं की मोरालेस नावाचा कोणी नव्हताच. तो फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस. त्याची कीर्ती अमेरिकेतल्या खेळाडूंच्या कानावर आधीच गेलेली. खऱ्या नावाने आला असता तर त्याच्याशी पैसे लावून खेळायला उभं कोण राहिलं असतं? म्हणजे बघा, नाव बदलणं हीसुद्धा ब्रेकच्या आधीचीच चाल. आणि मी बसच्या अंतरावर उष्णतावहनाची समीकरणं सोडवत बसलो होतो.

तर असे हॉल कोणी पाहिलेत? अमेरिकेतले, मुंबई-पुण्यातले, कुठलेही. आठवणी येऊ द्या.

साधा_माणूस

जुगाराचे गोडवे गाणारा धागा. प्रशासकांनी लक्ष द्यावे.

फुकटचंबू

प्रशासक आधी स्टार्ट, म्हणजे खेळाआधीची सवलत, किती मिळणार ते विचारतायत. थांबा जरा.

गोदाकाठचा

ह्यूस्टन राहू द्या, नाशिकची ऐका.

२००६-०७. रोजचं भारनियमन. एका बँकेच्या वरच्या मजल्यावर पूलच्याच घराण्यातल्या स्नूकरची दोन टेबलं होती. टेबलावरचा दिवा लावला की मीटर सुरू, हरणाऱ्याने टेबलाचे पैसे भरायचे, हा साधा नियम. पण शनिवारी रात्री वेगळी माणसं यायची. त्यातल्या एका रात्री ५,००० ची फ्रेम, म्हणजे डाव, लागली. एक जण द्राक्षबागायतदाराचा मुलगा, दुसरा औषधांचा एमआर. टेबलावर फक्त निळा, गुलाबी आणि काळा उरलेला. बागायतदार १० पॉइंटनी पुढे. एमआरची पाळी, निळा मधल्या पॉकेटच्या तोंडाशी. तो वाकला, आणि लाईट गेली.

तीन तास! पैसे परत घ्या म्हणायला कोणी तयार नाही. मार्करने, म्हणजे टेबलं सांभाळणाऱ्या माणसाने, फर्मान काढलं : टेबलाला कोणी हात लावायचा नाही आणि मेणबत्ती जवळ आणायची नाही, कापडावर मेण पडलं तर मालक माझा जीव घेईल. मग दोन्ही बाजूंनी एकेक पहारेकरी नेमला. टेबलाच्या दोन टोकांना दोघं खुर्च्या टाकून अंधारात बसले, प्रेताला राखण बसतात तसे. एकाने पुरावा म्हणून नोकियावर फोटो काढला. फोटोत काळोख आणि एक पांढरा ठिपका. तो पांढरा बॉल आहे की मार्करचा दात, यावर अर्धा तास वाद.

लाईट आली. बागायतदाराचं म्हणणं पांढरा दोन बोटं सरकलाय. मार्कर म्हणाला, "मी बावीस वर्षं बॉल लावतोय शेठ, बॉल तिथंच आहे. तुमचा धीर सरकलाय." एमआरने निळा, गुलाबी, काळा ओळीने घातले आणि आठ पॉइंटनी फ्रेम घेतली.

जिना उतरताना बागायतदार जे म्हणाला ते मला अजून आठवतं. "लाईट गेली तेव्हाच माझे पैसे गेले. तीन तासांत त्याने ते तीन शॉट शंभर वेळा मारून बघितले असतील."

तेव्हा @हिरवं_कापड, डाव ब्रेकच्या आधी ठरतो हे आमच्या नाशकाला लागू नाही. आमच्याकडे तो महावितरण ठरवायचं.

अबोली_७

"मार्करचा दात"वर ऑफिसात मोठ्याने हसले. सगळे बघतायत.

काळा_कोट

@साधा_माणूस, थोडं कायद्याचं. आपल्याकडचा जुगारबंदीचा कायदा १८८७ चा आहे, राणीच्या काळातला. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट दिलेली आहे. स्नूकर-पूल कौशल्याचे खेळ आहेत याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. पण खेळणाऱ्याची गोष्ट वेगळी आणि भिंतीला टेकून 'निळा जाणार की नाही' यावर शंभरच्या नोटा फेकणाऱ्याची वेगळी. बघ्याचं कौशल्य कुठलं? माझ्या मते तो दुसरा माणूस सूट मागायला गेला तर पंचाईत होईल. (हा सल्ला नव्हे. सल्ल्याची फी असते.)

शब्दखुळा

गंमत म्हणजे 'पूल' हा शब्दच मुळात पैजेचा आहे. सगळ्यांनी मिळून मध्ये टाकलेली रक्कम म्हणजे पूल. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत 'पूलरूम' म्हणजे घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावायची जागा. दोन शर्यतींच्या मध्ये लोकांनी कंटाळून निघून जाऊ नये म्हणून तिथे बिलियर्ड्सची टेबलं टाकायचे. पुढे घोडे गेले आणि नाव टेबलाला चिकटलं. म्हणजे "पूल हॉलमध्ये जुगार कधी शिरला?" हा प्रश्नच उलटा आहे. जुगाराच्या अड्ड्यात पूल शिरला.

फुकटचंबू

म्हणजे भाडेकरूने घर बळकावलं. मुंबईत नेहमीचंच.

कार्बनडेलकर

हा धागा माझी वाट बघत होता असं वाटलं.

मी १९८९ ते ९१ दक्षिण इलिनॉयमध्ये कार्बनडेलला शिकायला होतो. तिथून अर्ध्या-पाऊण तासावर जॉन्स्टन सिटी. नावात सिटी, वस्ती चारेक हजारांची, कोळसा खाणींचा मुलूख. तिथून कोणी मुद्दाम जावं असं काहीच नाही. आणि या गावात १९६१ पासून दर शरद ऋतूत अमेरिकेतले झाडून सगळे पैशांवर खेळणारे पूलवाले गोळा व्हायचे. जॉर्ज आणि पॉली जान्स्को या दोन भावांची करामत. त्यांनी वन-पॉकेट या पूलच्याच एका प्रकाराची स्पर्धा सुरू केली, पुढे नाईन-बॉल आणि स्ट्रेट पूल हे प्रकारही आले.

माझा घरमालक खाणीतून निवृत्त झालेला. तो ऐन उमेदीत असताना शिफ्ट संपली की अंगावरच्या काजळीसकट तिथे जाऊन बसायचा. त्याच्याकडून जे ऐकलं ते असं, की स्पर्धा हे नुसतं निमित्त. दिवसा कोट-टाय घालून बक्षिसासाठी खेळायचे आणि मध्यरात्रीनंतर खरा बाजार भरायचा. बक्षिसाची रक्कम एखाद्या रात्रीत मागच्या टेबलावर इकडून तिकडे व्हायची. बरेचसे खेळाडू स्वतःचे पैसे लावतच नसत. प्रत्येकामागे एक पैसेवाला उभा, जिंकलं तर वाटणी, हरलं तर नुकसान त्याचं. आणि कधी कधी खेळाडू समोरच्याशी आतून संधान बांधून मुद्दाम हरायचा, म्हणजे पैसेवाला बुडाला आणि हे दोघं वाटून मोकळे. घरमालक म्हणायचा, "बॉल कुठे जाणार हे मला कळायचं. माणूस कुठे जाणार हे कधीच कळलं नाही."

@हिरवं_कापड, तुमच्या मुद्द्याला पुस्ती. या लोकांचा आवडता खेळ वन-पॉकेट. प्रत्येकाला एकच कोपरा ठरवून दिलेला, त्यातच घालायचे, आधी आठ घालेल तो जिंकला. बघायला रटाळ, बुद्धिबळासारखा. शॉट मारण्यापेक्षा समोरच्याला शॉट मिळू न देणं यातच सगळं कसब. पण जुगाऱ्यांना तो का प्रिय? कारण देणंघेणं बरोबर तोलता येतं. "मी दहा घालतो, तू सहा घाल." सोनाराच्या तराजूसारखं, गुंजभर इकडे, गुंजभर तिकडे.

पुढे टीव्हीवाले यायला लागले. मग जे व्हायचं तेच झालं. १९७२ मध्ये फेडरल एजंटांनी स्पर्धा चालू असतानाच छापा घातला आणि खेळ खलास. मी गेलो तोपर्यंत दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं. घरमालकाने गाडी थांबवून हात केला, "इथे." मला रस्त्याकडेचं गवत दिसलं.

पेठकरी

मिनेसोटा फॅट्स याच भागातला ना? जगातला सर्वश्रेष्ठ खेळाडू. त्याला कोणी हरवू शकलं नाही.

कार्बनडेलकर

पेठकरी, तुमचं विधान ऐकून स्वर्गात विली मॉस्कोनीने स्टिक मोडली असेल.

फॅट्सचं खरं नाव रुडॉल्फ वाँडरोन. तो जवळच्याच डॉवेल गावात राहायचा. आधी स्वतःला न्यूयॉर्क फॅट्स म्हणवायचा. १९६१ मध्ये पॉल न्यूमनचा पूलवरचा सिनेमा आला, त्यात मिनेसोटा फॅट्स नावाचं पात्र होतं. याने सांगून टाकलं की तो मीच! आणि जन्मभर ते नाव लावून खाल्लं. खेळायचा चांगलाच, पण त्याचं खरं हत्यार जीभ. समोरचा वाकला की याची बडबड सुरू.

मॉस्कोनी त्याच्या नेमका उलट. सूट, शिस्त, विश्वविजेतेपदं. १९५४ मध्ये स्प्रिंगफील्ड, ओहायोला त्याने न चुकता सलग ५२६ बॉल घातले होते. पैशांवर हॉलोहॉल फिरणाऱ्यांचा त्याला मनापासून तिटकारा, यांनी खेळाचं नाव घालवलं म्हणायचा. १९७८ च्या व्हॅलेंटाईन डेला न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरियात या दोघांचा सामना टीव्हीवर झाला. मॉस्कोनी आरामात जिंकला. आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं? फॅट्सची बडबड.

पेठकरी

चूक मान्य. (हे वाक्य जपून ठेवा, पुन्हा मिळणार नाही.)

मात्र मूळ विषयात पुण्याचा उल्लेख अजून झालेला नाही, ही या धाग्याची मोठी उणीव आहे. भारताचा कुठल्याही खेळातला पहिला विश्वविजेता विल्सन जोन्स. १९५८ मध्ये कलकत्त्याला बिलियर्ड्सचं जागतिक हौशी अजिंक्यपद, १९६४ मध्ये न्यूझीलंडला पुन्हा. जन्म : पुणे. पंकज अडवाणी. जन्म : पुणे. आणखी काही बोलायची गरज आहे का?

फुकटचंबू

आहे. दोघेही पुण्याबाहेर जाऊन मोठे झाले.

पेठकरी

पाया इथला.

गोदाकाठचा

पाळण्यात असताना बॉल कुठल्या पॉकेटात घालत होते म्हणे?

अबोली_७

पुण्याचा विषय निघालाच आहे तर.

१९९८, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेजच्या मागच्या गल्लीत पूल पार्लर निघालं. तेव्हा गल्लोगल्ली निघत होती. काळ्या काचा, आत सिगारेटचा धूर, आणि मुलगी आत आली की सगळ्या स्टिक हवेत थांबायच्या. माझ्या मामांकडे सोलापूरला क्लबात स्नूकरचं टेबल होतं. सुट्टीत मी त्यावर खेळून वाढलेली, हे तिथे कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं. बारा फुटी टेबलावर शिकलेल्याला आठ फुटी पूल म्हणजे अंगणात पोहणं. पॉकेटं परातीएवढी दिसतात.

वर्गातली पोरं मोठ्या मनाने म्हणाली, "तू मुलगी आहेस, तुला दोन बॉल आधीच काढून देतो." मी नको म्हटलं नाही. स्त्री-पुरुष समानतेवर भाषण दिलं असतं तर दोन बॉल गेले असते. पैसे लावायचे नाहीत एवढीच माझी अट, म्हणून कोल्ड कॉफी लागली. चार दिवसांत अकरा कोल्ड कॉफ्या झाल्या. पाचव्या दिवशी त्यांनी दोन बॉल द्यायचं बंद केलं. सहाव्या दिवशी त्यांनीच माझ्याकडे दोन मागितले. सातव्या दिवशी घसा बसला आणि आईला सगळं कळलं.

तेव्हा माझं मत हिरवं_कापड काकांच्या बाजूने. समोरचा स्वतःहून देतोय तर थांबवायचं नाही.

हिरवं_कापड

@अबोली_७, तुम्हाला १९८५ ला ह्यूस्टनला न्यायला हवं होतं. थीसिस मी लिहिला असता, तुम्ही कमावलं असतंत.

नाव_नको

वाचत होतो, लिहू की नको असं चाललं होतं.

माझा मोठा भाऊ. उपनगरातलं पार्लर, गाव सांगत नाही. सुरुवात टेबलाच्या पैशांपासून झाली. मग पन्नास, मग पाचशे. तो खरंच चांगला खेळायचा आणि तीच अडचण झाली. वाईट खेळणारा दोनदा हरून घरी येतो. चांगल्याला वाटत राहतं की पुढची फ्रेम आपली. वडिलांच्या दुकानाचा एक महिन्याचा गल्ला गेला, मग स्कूटर गेली. ज्याच्याशी तो हरला तो माणूस त्याच्यापेक्षा फार सरस नव्हता. दर वेळी पाच-सात पॉइंटनी जिंकायचा, कधीच जास्त नाही. आम्हाला उशिरा कळलं की तो मोजून जिंकत होता.

भाऊ आता ठीक आहे. टीव्हीवर स्नूकर लागलं तर बघतो, आवाज बंद करून.

धागा बंद करा असं म्हणत नाहीये. चालू द्या.

साधा_माणूस

@नाव_नको, मला हेच म्हणायचं होतं, पण तुम्ही माझ्यापेक्षा बरं म्हटलंत.

हिरवं_कापड

नाव_नको, लिहिलंत ते बरं केलंत. पाच-सात पॉइंटनी जिंकणारी माणसं मीही बघितलीत. गंमत सांगण्याच्या भरात मी त्यांना वगळलं होतं.

तांडेल

आम्ही दर्यावरचे. १९९० च्या सुमारास मनिलाला आमचं जहाज दुरुस्तीसाठी बरेच दिवस लागून होतं. क्रूमधले फिलिपिनो मला त्यांच्या वस्तीत घेऊन गेले. तिथे पूलला हॉल लागत नाही हो! पत्र्याच्या छपराखाली टेबल, शेजारी भजीसारखं काहीतरी तळतायत, कोंबडे बांधलेले, आणि चहूबाजूंनी माणसं. बोटांनी खुणा करून पैसे लागायचे. कोण कोणाशी लावतोय मला कळेना, पण डाव संपला की नोटा बिनबोभाट ज्याच्या त्याच्याकडे. लिहिणं नाही, वही नाही. आमच्याकडे भिशीत सहा जणी असल्या तरी वही लागते.

एफ्रेन रेयेस अशाच ठिकाणी वाढला. काकाच्या पूल हॉलमध्ये पोरवयात काम करायचा आणि रात्री टेबलावरच झोपायचा. त्याला 'बाता' म्हणतात, म्हणजे पोरगा. आमच्या क्रूमधल्या प्रत्येकाने त्याला कधी ना कधी हरवलेलं होतं, निदान त्याच्या आतेभावाने तरी. १९९६ मध्ये हाँगकाँगला त्याचा अमेरिकेच्या अर्ल स्ट्रिकलंडशी सामना झाला. आधी १२० डाव जिंकेल त्याला १ लाख डॉलर, हरणाऱ्याला भोपळा. तीन दिवस चालला. एफ्रेन १२०-११७ ने जिंकला. तिथे कोणी कोणाला आठ दिला नव्हता की सात. इतक्या डावांत तीनचा फरक! @हिरवं_कापड, ब्रेकच्या आधी ठरतं म्हणता, मग हे कधी ठरलं सांगा.

हिरवं_कापड

तांडेलदादा, गप्प केलंत.

टूटिंगचा_बंड्या

लंडनहून हजेरी. टूटिंगला झॅन्स नावाचा स्नूकर हॉल होता. स्नूकरपटू जिमी व्हाईट शाळा बुडवून तिथेच पडलेला असायचा आणि पोरवयातच पैशांवर खेळायला लागला. बेलफास्टचा अ‍ॅलेक्स हिगिन्स असाच, जॅमपॉट नावाच्या हॉलमधून वर आलेला. मी मात्र टूटिंगला डोशासाठी जातो. वय झालं.

शब्दखुळा

आणि स्नूकर जन्मलं कुठे? १८७५, जबलपूर, लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. पावसाळ्यात करायला काही नाही म्हणून. तेही पैसे लावूनच खेळायचे. बिलियर्ड्सच्या टेबलावर 'ब्लॅक पूल' नावाचा पैशांचा खेळ चालायचा, त्यात आणखी रंगीत बॉल घातले आणि स्नूकर झालं. जबलपूर ते टूटिंग ते परत नाशिक. पेठकरी, यात पुणे कुठे बसवायचं बघा.

पेठकरी

लष्कर होतं ना? मग पुण्यावरूनच गेलं असणार.

परळकर

एवढा सगळा थाट, गालिचा, दिवे, मार्कर. आमच्या गिरणगावात चाळीच्या खालच्या गाळ्यात कॅरम क्लब होते. बोर्डाचं भाडं, डोक्यावर एक पिवळा बल्ब, बोरिक पावडरीने हात पांढरे. तिथेही पैसे लागायचे. आणि तिथेही द्यायचे. "क्वीन तुझी धरून चाललो." एक जण डाव्या हाताने खेळून पैसे जिंकायचा. सहा महिन्यांनी कळलं की तो डावखुराच आहे.

फुकटचंबू

परळकर, हाच या धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. बंद करा आता.

काळा_कोट

मला धागा वाचताना एकच सुचत होतं. शकुनीसमोर बसताना धर्मराजाने निदान आठचा बॉल तरी मागून घ्यायला हवा होता.

अबोली_७

मागितला नाहीच, उलट फासेही समोरच्याचे वापरले. आमच्या पार्लरमध्ये पहिली गोष्ट शिकवायचे : स्टिक आपली आणायची.

कार्बनडेलकर

शिकागोत कोणी आहे का? तिथल्या बेन्सिंगर्सबद्दल खूप ऐकलंय. पैशांच्या खेळाचा मोठा अड्डा होता म्हणतात. नाव_नको यांनी लिहिलंय तसं घरमालकही सांगायचा, की मोठा खेळाडू तुम्हाला धुणार नाही, कायम थोडक्यात हरवेल. तुम्ही परत यावं म्हणून.

हिरवं_कापड

मंडळी, ताजी खबर.

धागा वाचून राहवेना. रूममेट आता निवृत्त होऊन हैदराबादला असतो. काल रात्री फोन लावला. म्हटलं, चाळीस वर्षं मी हळहळतोय की मोरालेसला बघितलं नाही. तू तरी नशीबवान, बघितलंस. सांग ना कसा खेळत होता.

बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "फार काही आठवत नाही. मी समोरच्यावर पैसे लावले होते."

त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या एका टेक्सनने त्याला सहज विचारलं होतं, या किडकिडीत माणसावर तू लावतोस की मी लावू? आमच्या पठ्ठ्याला वाटलं, आलेला माणूस अनोळखी, टेबलं परकी, कुठून जिंकणार. ४० डॉलर गेले. मग ते भरून काढायला दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याविरुद्ध २०.

बेरीज करून बघा. त्याच्या गाडीला कार्ब्युरेटर कधी बसलाच नाही.

परळकर

६० डॉलर, ४० वर्षं. चक्रवाढीने लावा.

काळा_कोट

मुदत गेली. लिमिटेशन तीन वर्षांचं असतं.

तांडेल

म्हणजे एफ्रेनच्या ह्यूस्टनच्या कमाईत तुमचेही पैसे होते की! आणि म्हणताय आपण गेलोच नाही.

हिरवं_कापड

तांडेलदादा, पैसे टेक्सनने नेले. पण चालेल, गावात असंच सांगेन.

पेठकरी

@अबोली_७, ते कोल्ड कॉफीचं दुकान नक्की कुठल्या गल्लीत? अजून चालू आहे का?